बाणाच्या वर लिहिलेलं

माझ्या हाताखालून नऊशेच्या आसपास पोरं एम.एस्सी. होऊन गेली आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मी भर वर्गात रडवलंय. ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायची म्हणजे थोडं रडवावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. सोलापुरात कुणालाही विचारा, सुलोचना बिराजदार म्हटलं की पहिल्यांदा कपाळाला आठी पडेल आणि मग म्हणतील, पण बाईचे बाण काय सुरेख असायचे. ही दुसरी गोष्ट ऐकायला मला फार आवडायची. तिथंच सगळा घात झाला.

विषय ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन रसायनं एकत्र आली की त्यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी पडलीय तो देतो, ज्याला तुटवडा आहे तो घेतो. ही देवघेव आम्ही कागदावर वाकड्या बाणांनी दाखवतो. बाणाची शेपटी देणाऱ्याकडे, टोक घेणाऱ्याकडे. एक बंध जुळतो, एक तुटतो, आणि असं पायरीपायरीनं नवं रसायन तयार होतं. ह्या सगळ्या हकिकतीला मेकॅनिझम म्हणायचं. सुरुवातीचा पदार्थ कागदाच्या डाव्या बाजूला, शेवटचा उजव्या बाजूला आणि दोघांच्या मधे एक लांब सरळ बाण. त्या सरळ बाणाच्या वर बारीक अक्षरात तापमान लिहायचं, आम्ल लिहायचं, आणि ज्यात हे सगळं विरघळवलं ते सॉल्व्हंट लिहायचं. सॉल्व्हंट म्हणजे मंगल कार्यालय, असं मी वर्गात सांगायची. लग्न त्यात लागतं, पण कार्यालय बोहल्यावर चढत नाही. एखादा शहाणा पोरगा वाकडा बाण त्या वरच्या सॉल्व्हंटकडे न्यायचा, तेव्हा मी त्याचे दोन मार्क कापायची आणि वर चार शब्द सुनवायची.

मग 'वाटाड्या' नावाचा संगणक-प्रोग्राम आला. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण पोरांनी वाटाड्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. जगभरात आजवर झालेल्या कोट्यवधी अभिक्रिया त्याच्या पोटात घातलेल्या होत्या. हवं ते औषध सांगा, ते कशातून, किती पायऱ्यांनी, कोणत्या तापमानाला बनेल हे तो अर्ध्या मिनिटात सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. फक्त का बनेल ते सांगायचा नाही. आमच्या विभागातल्या चाळीस जागांपैकी त्या वर्षी अकरा भरल्या. कशाला शिकायचं, मॅडम, असं पोरं तोंडावर विचारायची.

मला वाचवलं ते कायद्यानं. कुठल्याशा कारखान्यात वाटाड्यानं सांगितलेल्या मार्गावर मोठा अपघात झाला, आणि जबाबदार कोण ह्याचं उत्तर कुणालाच देता येईना. मशीनला तुरुंगात कसं घालणार? म्हणून नियम निघाला की नवा मार्ग मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याआधी एका माणसानं त्याचा पूर्ण मेकॅनिझम स्वतःच्या हातानं काढायचा आणि खाली सही करायची. ह्या कागदाला बाणपत्रक म्हणतात. एकदा सही झाली की तो मार्ग देशात कुणालाही वापरायला मोकळा, आणि काही विपरीत घडलं तर मान सही करणाऱ्याची. एका वर्षात आमच्या चाळीसच्या साठ जागा झाल्या. मी पुन्हा कामाची झाले, म्हणून पुन्हा रडवायला लागले.

आता आमची खोड सांगते. आमच्या परीक्षेत प्रश्न कसा असतो? सुरुवातीचा पदार्थ दिलेला, शेवटचाही दिलेला, मधले बाण काढा. म्हणजे कुठं पोहोचायचं ते आधीच ठाऊक. पोरं बाण अशा बेतानं काढत जातात की बरोबर तिथंच पोहोचावं. ह्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी पैज लावायची की शेवटी काय मिळवायचंय ते सांगा, मी बाण नेऊन दाखवते. वाटाड्याच्या काळात तर ह्याच कौशल्याला भाव आला. त्यानं शेवट सांगायचा आणि आम्ही तिथपर्यंत रस्ता आखून सही ठोकायची. ह्याशिवाय त्या भांड्यात आणखी काय तयार होईल, असं कुठल्याही पेपरात विचारलेलं मला आठवत नाही. पेपर मीच काढायची, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देऊ?

रेणुका चिप्पा माझ्या साठांतली पहिली. बाप अंबादास टॉवेलच्या कारखान्यात मागावर, घरात सगळे तेलुगू बोलणारे, आणि ही पोरगी मराठीतून बारावी करून आलेली. पहिल्या महिन्यात मी तिला तीन वेळा उभं केलं. रडली नाही. मान खाली घालून पुन्हा बाण काढायला बसली. मला ती आवडली, हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तशी माझी पद्धत नव्हती. एम.एस्सी. झाल्यावर तिला शहराबाहेरच्या वसाहतीत 'कृष्णाई फाइन केमिकल्स'मध्ये सही करणारी केमिस्ट म्हणून नोकरी लागली. चोविसाव्या वर्षी तिच्या सहीवर रिॲक्टर चालत होते. अंबादास मला पेढे द्यायला आला.

दोन वर्षांनी, मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती माझ्या घरी आली. ऊन दहालाच चटका देत होतं. मी भाकरी थापत होते, हात धुऊन बाहेर आले. तिनं पिशवीतून कागद काढला. रक्तदाबाच्या एका औषधातला कच्चा माल बनवण्याचा नवा मार्ग होता. त्यात हायड्रॉक्सिलअमाइन नावाचं रसायन वापरायचं होतं. ह्याच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी असते आणि ते ती द्यायला उतावीळ असतं. सॉल्व्हंट उसाच्या चिपाडापासून बनवलेलं, आपल्याच जिल्ह्यातलं, पर्यावरणाला निर्धोक म्हणून सगळीकडे गाजलेलं. दोन महिने ह्या मार्गाची छोट्या प्रमाणावर चाचणी झाली होती. सोमवारी सही झाली की मोठा रिॲक्टर सुरू होणार होता.

तिचं म्हणणं असं की बाण बरोबर बसतायत, तरी हात सहीला उठत नाही. चाचणीत सॉल्व्हंट फेकत नव्हते. वापरून झालं की मोठ्या भांड्यात उकळून, वाफ थंड करून पुन्हा वापरायचे. तर प्रत्येक वेळी ते उकळताना भांड्याचं तापमान आधीपेक्षा थोडं जास्त चढत होतं. अर्धा अंश, कधी एक अंश. वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के अपेक्षित माल. व्यवस्थापक म्हणाला, मे महिना आहे, सगळंच तापतंय.

मी कागद बघितला आणि मला रागच आला. बाण बरोबर होते पण गबाळे होते. एक टप्पा तिनं उगाच लांबवला होता. मी कोरा कागद घेतला आणि वीस मिनिटांत तोच मेकॅनिझम पाच पायऱ्यांत काढून दाखवला. खरंच देखणा उतरला होता. तिनं तो बराच वेळ बघितला. मग बोट सरळ बाणाच्या वर, सॉल्व्हंटच्या नावावर ठेवलं.

"मॅडम, आणि ह्याचं काय?"

"त्याचं काय असणार? ते बाणाच्या वर आहे. दोन वर्षं वर्गात बसलीस ते कशासाठी?"

मी तिला म्हटलं की तापमानाचं बघायला इंजिनीअर आहेत, आपलं काम बाणांचं, आणि बाण चोख आहेत, बिनघोर सही कर. मग तिला भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. ती जेवली, पानं उचलायला लागली, माझा कागद नीट घडी करून घेऊन गेली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. एवढी मोठी झालेली पोरगी अडल्यावर माझ्याकडे आली, ह्याचंच अप्रूप.

सोमवारी तिनं सही केली. पुढच्या पाच महिन्यांत तोच मार्ग आणखी चार कारखान्यांनी घेतला. ऑक्टोबरात, दुपारी पावणेतीनला, कृष्णाईमधलं सॉल्व्हंट उकळण्याचं भांडं फुटलं. भांड्यावर काम करणारे सिद्राम कोळी आणि मुश्ताक नदाफ जागच्या जागी गेले. रेणुका तापमान का चढतंय ते बघायला तिकडेच निघाली होती, वीस पावलं मागं होती. चेहरा भाजला, डावा डोळा गेला आणि उजव्यानं नुसता उजेड-अंधार कळायला लागला. ती दवाखान्यात असतानाच तिच्यावर गुन्हा दाखल झाला. कायदाच तसा होता. सही कुणाची, एवढंच तो बघतो.

चौकशी समितीला मेकॅनिझम जाणणारा तज्ज्ञ हवा होता आणि ते पत्र माझ्याकडे आलं. आरोपी तुमची विद्यार्थिनी आहे का, असं विचारलं होतं. मी कळवलं की ह्या जिल्ह्यातला प्रत्येक केमिस्ट माझाच विद्यार्थी आहे. त्यांनी ते चालवून घेतलं. मग बाणपत्रक आलं. अक्षर रेणुकाचं, पण त्या पाच पायऱ्या माझ्या. तिनं जशाच्या तशा उतरवून घेतल्या होत्या. समितीचा प्रश्न एका ओळीचा होता. हे बाणपत्रक पुरेसं होतं का?

पहिल्यांदा मी म्हटलं, आहेच की. मग सोबतच्या नोंदी वाचायला घेतल्या. सॉल्व्हंट अकराव्यांदा वापरत होते. दर खेपेला तळाशी थोडा पिवळा गाळ जास्त. अर्धा अंश, एक अंश, दोन. मी पेन्सिल उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडा बाण सरळ बाणाच्या वर नेला.

त्या सॉल्व्हंटच्या रेणूत एका कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला असतो. असा कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात म्हटलं होतं की ह्या कार्बनभोवती इतर अणूंची इतकी दाटी आहे की तिथं कुणी पोहोचत नाही. सहसा पोहोचत नाही, हे खरं. पण दर हजारात चार वेळा हायड्रॉक्सिलअमाइन पोहोचत होतं आणि तिथं चिकटून ऑक्झाइम नावाचं रसायन बनत होतं. वाटाड्याचे उरलेले शून्य पूर्णांक चार टक्के ते हेच. त्याला एका फेरीचं विचारलं होतं, त्यानं एका फेरीचं सांगितलं. अकरा फेऱ्यांचं कुणी विचारलंच नाही. सॉल्व्हंट उडून परत जायचं आणि ऑक्झाइम तळाशी साठत राहायचं. त्याला आम्ल लागलं आणि वरून आच मिळाली की ते आतल्या आत आपली मांडणी बदलतं आणि प्रचंड उष्णता बाहेर टाकतं. उष्णतेनं आणखी बदलतं, आणखी टाकतं. मग कुणाच्या बापाला थांबवता येत नाही.

मला हे काढायला तीन मिनिटं लागली. दोन माणसं मेली होती आणि एक पोरगी आंधळी झाली होती, आणि मी तिला भाकरी वाढून सही करायला पाठवलं होतं.

आता करायचं काय? पत्रक पुरेसं होतं असं लिहिलं तर रेणुका सुटते, पण चार कारखान्यांतली भांडी तशीच पेटती राहतात. पुरेसं नव्हतं असं लिहिलं तर ते बंद होतात आणि रेणुका आत जाते. मी तिला भेटायला दवाखान्यात गेले. अंबादास बाहेर बाकावर बसला होता, उठून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

तिच्या चेहऱ्यावर पट्ट्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं, कागद दाखवता येत नव्हता म्हणून तोंडानं. जोडी कुणाची, बाण कुठून कुठं, कोणता बंध तुटतो. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात ऐकायची तशीच. सगळं संपल्यावर म्हणाली,

"हे तर एस.वाय.ला असतं, मॅडम."

मला हुंदका आवरेना. ती म्हणाली की जे आहे ते लिहा, नाहीतर तिथली माणसं मरतील. तिच्या वकिलानं सांगितलं होतं की निष्काळजीपणा धरला तर फार तर दोन वर्षं, आणि डोळ्यांची अवस्था बघून कदाचित तीही माफ होतील. मी निघाले तेव्हा तिनं चाचपत माझं मनगट धरलं.

"त्या रविवारचं मात्र कुठं बोलू नका."

मी हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावरही ते शब्द डोक्यातून जाईनात. पोरगी स्वतः जळून पडलीय आणि अजून मला जपतेय, माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून धडपडतेय, असं मला वाटलं. असंच का म्हणाली, हे मी तिला विचारलं नाही. मला उत्तर माहीतच होतं ना.

अहवाल दिला. आठवड्यात चारही कारखाने थांबले. एका ठिकाणी भांड्याच्या तळाशी बोटभर जाड पिवळा थर निघाला. तो निघाला नसता तर काय झालं असतं ते मला सांगायची गरज नाही.

फेब्रुवारीत विशेष न्यायालयात सुनावणी झाली. रेणुकाला काळा चष्मा लावून आणलं होतं. न्यायाधीशांनी तिला विचारलं, सही करताना मनात काही शंका होती का? ती स्पष्ट म्हणाली, नव्हती. वाटाड्याचा आकडा चांगला होता, बाण बरोबर वाटले, सॉल्व्हंट माझ्या लक्षातच आलं नाही. तिचा वकील मान डोलवत होता. समोर सिद्राम कोळीची बायको बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन.

मग मला बोलावलं. मी मेकॅनिझम समजावून सांगितला. न्यायाधीशांना कळला, मी चांगलीच शिकवते. शेवटी त्यांनी विचारलं की आणखी काही सांगायचंय का. हीच माझी वेळ असं मला वाटलं. मी रात्रंदिवस ह्याचीच तयारी केली होती. काय बोललं की दोष कुणाकडून कुणाकडे येईल, पायरीपायरीनं मनात आखून ठेवलं होतं. मी म्हणाले,

"हे पत्रक रेणुकाचं नाही, माझं आहे. ती माझ्याकडे आली होती. तिनं ह्याच सॉल्व्हंटवर बोट ठेवून मला विचारलं होतं. मीच तिला सही कर म्हणाले. शिक्षा मला द्या."

कोर्टात कुजबुज झाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी रेणुकाकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला होता. तिचा वकील डोकं धरून बसला होता, आणि मला वाटलं बाईमाणसाचा कबुलीजबाब ऐकून बिचारा हेलावलाय.

न्यायाधीशांनी मला खाली बसायला सांगितलं. सल्ला देणं हा ह्या कायद्याखाली गुन्हा नाही, म्हणाले. मग चष्मा काढून पुसला आणि रेणुकाकडे वळून शांतपणे विचारलं की मग सही करताना तुम्हाला शंका होती तर. आत्ताच तुम्ही नव्हती म्हणालात.

तिनं उत्तर द्यायच्या आत सरकारी वकील उठला. धोका न दिसणं हा निष्काळजीपणा. धोका दिसला, त्यावर बोट ठेवलं, आणि तरी सही केली, ह्याला कायद्यात दुसरं नाव आहे, सदोष मनुष्यवध. शिवाय न्यायालयासमोर खोटं बोलल्या. हे सगळं आता खुद्द तज्ज्ञ साक्षीदारानं शपथेवर सांगितलंय. मी उठून काहीतरी बोलायला गेले, तेव्हा शिपायानं मला बसवलं.

दुपारी निकाल लागला. सात वर्षं.

तिला बाहेर आणलं तेव्हा मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. अंबादास माझ्या शेजारून गेला आणि त्यानं मला नमस्कार केला. आज खरं बोललात, मॅडम, म्हणाला. त्या भाबड्या माणसाला अजून काहीच कळलं नव्हतं. पोलीस बाई रेणुकाला दंडाला धरून आणत होती. मी पुढं झाले आणि तिचं नाव घेतलं. माझा आवाज ओळखून ती थांबली. मी म्हटलं, मला वाटलं तू मला वाचवतेयस.

चष्म्याआडून पाणी येत होतं. माझ्या वर्गात कधी रडली नव्हती ती पोरगी. म्हणाली,

"तुम्हाला कशाला वाचवू, मॅडम? मी स्वतःला वाचवत होते."

मग तिनं पोलीस बाईला विचारलं, पायऱ्या किती आहेत. बाईनं बारा सांगितल्या आणि दोघी मोजत खाली गेल्या.